राजाचा पलंग आणि मंत्र्याची फाईल

श्रोतेहो, मुंबईत मादाम कामा मार्गावर राज्यकारभाराची मोठी इमारत आहे. तिचे नाव विचारले तर शाळेतला मुलगाही ‘मंत्रालय’ म्हणून सांगेल. पण घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. ते म्हणतील, “आमच्या वेळी त्याला सचिवालय म्हणायचे.” खरे आहे ते. १९७५ साली, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, सचिवालयाचे मंत्रालय झाले. सचिव हे नेमलेले नोकर आणि मंत्री हे लोकांनी निवडून दिलेले. राज्य लोकांचे असेल तर दारावरची पाटी लोकांनी पाठवलेल्या माणसाच्या नावाची हवी, हे कोणालाही पटण्यासारखे आहे. पाटी बदलली, छान झाले. पण पाटी बदलली म्हणजे घरातला कारभारीही बदलतो का?

हाच प्रश्न विचारून जगाला पोट धरधरून हसवणारी एक मालिका इंग्लंडात झाली. तिचे नाव ‘येस मिनिस्टर’, म्हणजे आपल्या भाषेत ‘होय, मंत्रिमहोदय’. ती आपण अवश्य पाहावी, विशेषतः आमच्या शिक्षक बंधुभगिनींनी पाहावी, असे सांगण्यासाठी आज मी आपल्यापुढे बसलो आहे. परंतु साता समुद्रांपलीकडे जायचे तर निघण्याचे ठिकाण घरचेच बरे. म्हणून आधी ठाण्याच्या स्टेशनावर चला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी आली. दुसऱ्या वर्षी ती कल्याणला पोचली. पुढे ठाणे, कल्याण आणि मधले डोंबिवली ही गावे मुंबईच्या कचेऱ्यांना माणसे पुरवणारी गावे झाली. सकाळी डबा घेऊन निघायचे, दिवसभर कागद हलवायचे, दिवेलागणीला परत यायचे. या मंडळींना सरकार कसे चालते ते पुस्तकातून शिकावे लागले नाही. लिपिक टिपणी लिहितो, कक्ष अधिकारी ती पाहतो, पुढे अवर सचिव, मग उपसचिव, मग सचिव, आणि अगदी शेवटी मंत्र्यांची सही. सहीपर्यंत पोचलेल्या कागदावर निर्णय बहुधा आधीच शिजलेला असतो. सही करणाऱ्याच्या वाट्याला बरेचदा फक्त वाढणे येते.

याच गाड्यांच्या गर्दीत दुसराही एक माणूस असतो. तो शहापूरहून, मुरबाडहून येतो. सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त व्हावी, पाझर तलावात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळावा, असे काही काम घेऊन त्याला ठाण्याला जिल्हाधिकारी कचेरीत जायचे असते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तर मोखाडा, जव्हार, तलासरीच्या माणसालाही ठाणेच गाठावे लागे. एक जण फाईल पुढे सरकवायला मुंबईला जातो, दुसरा ती कुठे अडली हे विचारायला ठाण्याला येतो. एकाच फाईलीची ही दोन टोके. मी ज्या मालिकेविषयी बोलतो आहे, ती या दोघांनाही आपली वाटेल.

आता मालिकेकडे येऊ. अँटनी जे आणि जॉनथन लिन हे तिचे दोन लेखक. पहिला भाग बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर २५ फेब्रुवारी १९८० रोजी दाखवला गेला. १९८४ पर्यंत ‘येस मिनिस्टर’ चालली. नंतर त्यातला मंत्री पंतप्रधान झाला आणि १९८६ ते १९८८ या काळात ‘येस, प्राइम मिनिस्टर’ या नावाने पुढची गोष्ट आली. सारे मिळून अवघे ३८ भाग. आजकालच्या मालिका एका सुनेच्या मंगळागौरीला एवढे भाग घेतात!

मुख्य पात्रे तीन. पहिला जिम हॅकर, नव्याने मंत्री झालेला. माणूस वाईट नाही. काही चांगले करावे अशी त्याची इच्छा आहे, पण त्याहून मोठी इच्छा वर्तमानपत्रांत नाव यावे आणि पुढची निवडणूक जिंकावी ही आहे. दुसरा सर हम्फ्री ऍपलबी, त्याच्या खात्याचा कायम सचिव. मंत्री येतात आणि जातात, हम्फ्री जागचा हलत नाही. तो मंत्र्याला कधी तोंडावर नाही म्हणत नाही. “होय, मंत्रिमहोदय” म्हणतो आणि काम होऊ देत नाही. तिसरा बर्नार्ड वूली, मंत्र्याचा खाजगी चिटणीस. पगार सचिवाच्या खात्याचा आणि सेवा मंत्र्याची, त्यामुळे बिचारा दोन दगडांवर पाय ठेवून उभा. पॉल एडिंग्टन, नायजेल हॉथॉर्न आणि डेरेक फोल्ड्स या तिघांनी ही कामे अशी केली, की पुढे तिकडे एखाद्या चलाख सचिवाला ‘हम्फ्री’ म्हणण्याचीच रीत पडली.

एक नमुना सांगतो. मंत्र्याला कळते, की एक नवे कोरे इस्पितळ बांधून तयार आहे. तिथे कारभार पाहणारी ५०० माणसे आहेत. डॉक्टर नाहीत, परिचारिका नाहीत, आणि रोगी? रोगी एकही नाही! मंत्री संतापतो. सचिव शांतपणे समजावतो, की इस्पितळ उत्तम चालले आहे, कामाचा डोंगर आहे, आणि स्वच्छतेच्या बक्षिसासाठी तर त्याचे नावही सुचवलेले आहे. रोगी नसल्यावर स्वच्छता राहायचीच! हसता हसता आपल्या मनात एखादी कुलूपबंद पाण्याची टाकी येते, एखादी उद्घाटन होऊन पडलेली इमारत येते, आणि हसू जरा घशात अडकते. या विनोदाची जात ही अशी आहे.

हे सारे लेखकांनी हवेतून काढलेले नाही, बरे का. रिचर्ड क्रॉसमन नावाचे एक ब्रिटिश मंत्री होऊन गेले. त्यांची रोजनिशी १९७५ पासून प्रसिद्ध झाली, आणि मंत्र्याच्या खोलीत बंद दाराआड काय चालते ते लोकांना प्रथमच एवढ्या तपशिलाने कळले. लेखकांनी ती वाचली, सरकारात वावरलेल्या जाणत्या माणसांकडून आतल्या गोष्टी काढून घेतल्या, आणि त्यांवर मालिका रचली. गंमत अशी, की जिच्यात सरकारची टर उडवलेली, ती मालिका त्या वेळच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना अतिशय आवडे. १९८४ च्या जानेवारीत तर त्यांनी एका समारंभात त्या दोन नटांबरोबर एक लहानसा प्रवेशही करून दाखवला.

यावर आपण म्हणाल, की साहेबाच्या घरची थट्टा, तिचे आम्हाला काय? श्रोतेहो, थट्टा साहेबाची असली तरी तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. तमाशाच्या फडात गण होतो, गवळण होते, मग बतावणी आणि त्यानंतर वग. वगातला राजा सिंहासनावर बसतो आणि सोंगाड्या त्याच्याच समोर त्याची फजिती करतो. गावचा पाटील पुढच्या रांगेत बसलेला असतो. टोमणा त्याला लागतो आणि हसावेही त्यालाच लागते. ही मोकळीक आपल्याकडे कोणत्या कायद्याने दिलेली नव्हती. ती रिवाजाने आलेली होती.

राज्यकर्त्यांना मात्र ती नेहमीच खुपली. इंग्रज सरकारने १८७६ साली नाट्यप्रयोगांवर अंकुश ठेवणारा कायदा केला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी आली. महाभारतातली गोष्ट, पण सरकारला ती आजची वाटली. लोकांनाही वाटली होतीच. पुढे लालबावटा कलापथकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी तमाशाला नवा आशय दिला. अण्णा भाऊंनी तर ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ या नावाचेच लोकनाट्य लिहिले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले. तिकडे नाटकाच्या रंगमंचावर आचार्य अत्र्यांनी ‘मी उभा आहे’ या १९३९ सालच्या नाटकात निवडणुकीला उभे राहणाऱ्यांची खिल्ली उडवली. कल्याणच्या नाट्यगृहाला आज त्याच अत्र्यांचे नाव आहे. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर आणि कल्याणात अत्रे रंगमंदिर. नोकरदारांच्या या तीन गावांना हसण्याची हौस किती, हे यावरून समजावे.

आणि मग १९६५ साली आले वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’. मूळ वग ‘छपरी पलंगाचा वग’. गोष्ट थोडक्यात अशी. एका राज्यातला कोतवाल मरतो. त्या जागेवर आपली नेमणूक होणार असे जुन्या हवालदाराने मनात पक्के धरलेले असते. नोकरी तशी झालेली, अनुभव तसा. पण राजाला राज्यात रस नाही. कारभार प्रधानाच्या हाती, आणि प्रधान आपल्या गोतावळ्यातला माणूस कोतवालीवर बसवतो. हवालदार मनातून जळतो. मग मैनावती नाचणारीण, तिच्यावर लट्टू झालेला नवा कोतवाल, आणि तिची ती अजब ‘विच्छा’: राजाचा छपरी पलंग आणून द्या! चोर पकडायचा तोच चोरी करायला निघतो. पुढे काय होते ते मी सांगत नाही. सांगितले तर सबनीसांचा अपराध केल्यासारखे होईल.

यात हवालदाराचे काम करून दादा कोंडके घरोघरी पोचले. नायगावच्या कामगार वस्तीत वाढलेला हा नट. समोरच्या माणसाला काय बोचते ते त्याला ठाऊक होते. लिहिलेल्या संवादावर तो थांबत नसे. सकाळच्या वर्तमानपत्रातली बातमी रात्रीच्या प्रयोगात यायची. साखरेचा तुटवडा असो, बदल्यांचा घोळ असो, राजाच्या दरबारात तो विषय निघायचाच. दीड हजारांवर प्रयोग झाले. हिंदीत हे लोकनाट्य ‘सैंया भये कोतवाल’ या नावाने गेले आणि उत्तरेतही गाजले. बढती हुकलेला माणूस सगळ्या प्रांतांत असतो ना!

आता या दोन कलाकृती शेजारी शेजारी ठेवून पाहा. सबनीसांचा राजा कोणत्या देशाचा? कोणत्याच नाही. त्याच्या राज्याला नाव नाही, त्याचा काळ सांगितलेला नाही. आणि हॅकर मंत्री कोणत्या पक्षाचा? ३८ भाग संपतात, पण पक्षाचे नाव एकदाही येत नाही. त्याचे सुरुवातीचे खातेही काल्पनिक. दोन्हीकडच्या लेखकांनी एकच युक्ती केली. नाव घेतले असते तर अमक्याची निंदा झाली असती, त्याचे विरोधक हसले असते आणि पाच वर्षांत विनोद शिळा झाला असता. नाव न घेतल्यामुळे प्रत्येक सत्ताधाऱ्याला वाटले, हे मागच्या सरकारविषयी आहे. आणि प्रत्येक प्रेक्षकाला वाटले, हे आपल्याच तालुक्यातले आहे.

या युक्तीला भीतीचाही एक पदर आहे. ‘येस मिनिस्टर’चा पहिला भाग आधीच तयार होता, पण १९७९ सालची निवडणूक तोंडावर आलेली. मतदारांवर परिणाम होईल म्हणून बीबीसीने तो निवडणूक होईपर्यंत दाखवला नाही. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरही तमाशावर बंधने आली, संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत पडली. नाटकाची संहिता परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवण्याची रीत त्याच वाटेवरची. १८७६ चा तो जुना कायदा पुस्तकातून निघाला, तोही एकविसाव्या शतकात. लोकशाही असली तरी हसणाऱ्याकडे सत्ता जरा डोळे बारीक करूनच पाहते, मग ती टेम्सच्या काठची असो की अरबी समुद्राच्या.

फरकही आहेत, आणि ते सांगितले पाहिजेत. त्यांचा विनोद शब्दांत आहे. हम्फ्री कधी कधी असे लांबच लांब वाक्य बोलतो, की शेवटाला पोचेपर्यंत मंत्री आरंभ विसरतो. ते इंग्रजी आपणांस कळले नाही तर कष्टी होऊ नका. ते मंत्र्यालाही कळू नये म्हणूनच योजलेले असते. “सदर प्रकरणी प्राप्त अभिप्रायांच्या अनुषंगाने यथोचित कार्यवाही करण्याची बाब विचाराधीन आहे” अशा थाटाचे पत्र ज्याच्या हाती कधी पडले असेल, त्याला हम्फ्रीची भाषा अवघड नाही. आपल्या वगाचा विनोद मात्र अंगात आहे, ढोलकीत आहे, डोळ्यांच्या मिचकावणीत आहे. त्यांची गोष्ट वरच्या दोन खुर्च्यांमधली. आपली गोष्ट खालच्या हवालदाराने सांगितलेली. तिकडे अर्ज घेऊन आलेला माणूस फारसा दिसत नाही. इकडे तोच निवेदक असतो.

दोन्हींत एक उणीवही सारखीच आहे. बाईच्या हाती सूत्रे क्वचितच. मैनावती हुशार खरी, पण डाव हवालदाराचा. त्यातल्या द्व्यर्थी बोलण्यावरही पुष्कळांनी नाके मुरडली आहेत. शाळेत दाखवताना शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे आणि झाकून न ठेवता मुलांशी त्यावर बोलावे.

हिंदीत या इंग्रजी मालिकेचा अवतार २००१ साली ‘जी मंत्रीजी’ या नावाने आला. फारुख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव. ज्यांना इंग्रजी जड जाते त्यांनी तेथून आरंभ केला तरी चालेल. इंग्रजी वाचणाऱ्या शिक्षकांसाठी मूळ लेखकांनी तीच गोष्ट मंत्र्याच्या रोजनिशीच्या रूपाने पुस्तकातही लिहिली आहे. वर्गात एखादे पान वाचून दाखवण्याजोगे आहे ते. आणि हसू बाजूला ठेवून हाच विषय मराठीत पाहायचा असेल तर अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ हा १९७९ सालचा चित्रपट आहेच. तो आला आणि पुढच्याच वर्षी तिकडे हॅकर मंत्री खुर्चीवर बसला.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. अशा विनोदाविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो. लोक हसतात, मन हलके करतात आणि घरी जाऊन झोपतात. “सगळे असेच चालायचे” असे म्हणून स्वस्थ बसतात. आक्षेप खोटा नाही. नुसते हसणे हे कधी कधी हार मानण्याचेच गोड रूप असते. पण एक योगायोग पाहा. ‘येस मिनिस्टर’च्या पहिल्याच भागाचा विषय आहे खुला कारभार. नव्या मंत्र्याला सरकारची दारे लोकांसाठी उघडायची आहेत, आणि सचिव ती हळूच लोटून घेतो. ही थट्टा १९८० ची. इंग्लंडात माहितीच्या हक्काचा कायदा झाला २००० साली. आपल्या महाराष्ट्राने त्यासाठी आंदोलने पाहिली, २००२ साली राज्याचा कायदा केला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राच्या कायद्यानेही तो हक्क मिळाला. म्हणजे ज्या फाईलीवर आपले वाडवडील फडात बसून नुसते हसत होते, ती फाईल आता मागून पाहता येते. साध्या कागदावर अर्ज, त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देण्याचे बंधन. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तर तेही दहा रुपये द्यावे लागत नाहीत.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या स्नेहसंमेलनात मुलांकडून एक छोटी बतावणी बसवून घ्या. राजा असू द्या, प्रधान असू द्या, हवालदार असू द्या, आणि एक बंद पडलेली पाण्याची टाकी असू द्या. नाव कोणाचे घेऊ नका. गाव हसेल, सरपंचही हसतील. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना फळ्यावर माहितीचा अर्ज कसा लिहायचा ते शिकवा, आणि टाकीची फाईल कुठे आहे ते विचारायला लावा. दादा कोंडक्यांच्या हवालदाराला आपल्या हुकलेल्या बढतीचे उट्टे काढायला राजाच्या पलंगाचा डाव रचावा लागला. आपल्या मुलांवर ती पाळी येण्याचे आता कारण नाही.